घर कोणत्या सालात उभे करायचे? : वेल्समधील सेंट फॅगन्सच्या लोकसंग्रहालयाविषयी

श्रोतेहो,

कार्डिफ ही वेल्सची राजधानी. तिच्या पश्चिम कडेला सेंट फॅगन्स नावाचे गाव आहे, आणि त्या गावाला लागून सुमारे १०० एकरांच्या झाडीत एक संग्रहालय पसरलेले आहे. या संग्रहालयात एकमेकांना खेटून उभी असलेली सहा दगडी घरे आहेत. आपल्याकडे असती, तर आपण त्यांना सरळ चाळ म्हटले असते. ही चाळ मूळची मर्थर टिडविल या लोखंडाच्या गावातली. अठराव्या शतकाच्या अखेरीस, लोहखनिज काढणाऱ्या मजुरांसाठी ती ऱ्हिद-अ-कार नावाच्या वस्तीत बांधली गेली. विसाव्या शतकात तिथून ती दगडादगडाने उतरवून इथे आणण्यात आली आणि १९८७ मध्ये लोकांसाठी खुली झाली.

गंमत पुढेच आहे. ही सहा घरे बांधली एकाच वेळी, पण संग्रहालयाने ती एका काळात ठेवलेली नाहीत. पहिल्या घराचे दार ढकलले की आपण १८०५ मध्ये असतो. दुसरे घर १८५५ चे, तिसरे १८९५ चे, चौथे १९२५ चे, पाचवे १९५५ चे आणि शेवटचे १९८५ चे. खोली तीच, उंबरठा तोच, जिना तोच. बदलतो तो संसार. पहिल्या घरात मोजकी लाकडी भांडीकुंडी आणि मेणबत्तीचा उजेड, शेवटच्या घरात टीव्ही. मी गेलो त्या दिवशी पाऊस पडत होता, म्हणून सगळे पाहुणे लगबगीने एका दारातून दुसऱ्या दारात शिरत होते, आणि त्या घाईत माझ्या लक्षात आले की संग्रहालयांनी सहसा झाकून ठेवलेला एक प्रश्न या चाळीने उघड्यावर मांडला आहे.

तो प्रश्न असा : कोणतेही राहते घर एका सालाचे नसते. आपल्या एखाद्या जुन्या वाड्याचा विचार करा. तुळया पणजोबांच्या काळच्या, शहाबादी फरशी आजोबांनी घातलेली, मोरीच्या जागी झालेले न्हाणीघर वडिलांच्या लग्नाच्या वेळचे आणि विजेची बटणे परवाची. हा वाडा उद्या उचलून संग्रहालयात न्यायचे ठरले, तर तो कोणत्या सालात उभा करणार? पणजोबांच्या काळात उभा केला, तर वडिलांचा संसार काढून टाकावा लागेल. आहे तसा ठेवला, तर पाहणारा म्हणेल, यात जुने काय आहे? जुन्या इमारती हलवून जतन करणाऱ्या प्रत्येक संग्रहालयाला या पेचातून जावे लागते, आणि सेंट फॅगन्स त्यातून गेली पाऊणशे वर्षे कसे जात आले आहे, ते आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

मुळात ही कल्पना वेल्सची नाही, ती स्वीडनची. आर्तूर हाझेलियस या गृहस्थाने १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे स्कान्सेन नावाचे खुले संग्रहालय सुरू केले. कारखानदारीच्या रेट्यात स्वीडनमधली जुनी खेडी आपली ओळख हरवत आहेत, हे पाहून त्याने देशभरातली घरे आणून एका टेकडीवर उभी केली. हा नमुना पुढे सगळ्या उत्तर युरोपात पसरला. वेल्समध्ये तो रुजवला योरवर्थ पीट यांनी. पीट १९०१ मध्ये मध्य वेल्समधल्या लॅनब्रिनमायर या खेड्यात सुतारांच्या घराण्यात जन्मले. ते वेल्श भाषेतले कवी होते, लोकजीवनाचे अभ्यासक होते आणि हट्टी होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी युद्धाला नैतिक विरोध नोंदवला, त्यापायी त्यांना काही काळ संग्रहालयातली नोकरीही गमवावी लागली. अशा माणसाच्या हातून झालेल्या संस्थेवर त्याच्या हट्टाचे ठसे राहणारच, आणि ते चांगले आणि वाईट दोन्ही प्रकारचे आहेत.

जागा मिळाली ती प्लिमथच्या अर्लकडून. सेंट फॅगन्स कॅसल हा नावाने किल्ला असला, तरी प्रत्यक्षात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला जमीनदारी वाडा आहे. तो आणि त्याच्या बागा अर्लने १९४६ मध्ये देऊ केल्या आणि १ जुलै १९४८ रोजी संग्रहालय उघडले. त्याचे पहिले नाव ‘वेल्श लोकसंग्रहालय’. वेल्श भाषेत लोकांसाठी ‘ग्वेरिन’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ नुसती जनता असा नाही. कष्ट करणारी, फारसा पैसा नसलेली, पण स्वतःची भाषा, गाणे आणि श्रद्धा सांभाळून असलेली माणसे, असा काहीसा त्याचा रोख आहे. मराठीत ‘लोकसाहित्य’ किंवा ‘लोककला’ म्हणताना आपण ‘लोक’ हा शब्द ज्या मायेने वापरतो, त्याच्या तो जवळ जातो. सरदाराच्या अंगणात ग्वेरिनची घरे बसवायची, ही पीट यांची कल्पना त्या काळी काही मंडळींना खटकली असेल, तर नवल नाही. आज त्या वाड्याच्या दिवाणखान्यापेक्षा गवताने शाकारलेल्या घरांपुढे अधिक गर्दी असते.

इमारत हलवायची म्हणजे काय करायचे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण यातच पुढच्या सगळ्या वादाचे मूळ आहे. आधी घराची मोजणी होते, आराखडे आणि छायाचित्रे तयार होतात. मग प्रत्येक दगडाला, प्रत्येक वाशाला आणि तुळईला क्रमांक दिला जातो. छपरापासून पायापर्यंत घर उतरवले जाते, सामान वाहून आणले जाते आणि क्रमांकाबरहुकूम पुन्हा रचले जाते. कुजलेल्या लाकडाच्या जागी त्याच जातीचे नवे लाकूड, त्याच पद्धतीच्या जोडणीने बसवले जाते. दगडांच्या सांध्यांत सिमेंट नाही, चुना. या प्रत्येक पायरीवर एक छोटा निर्णय असतो. भिंतीवर चुन्याचे दहा थर असतील, तर कोणत्या थरापर्यंत खरवडायचे? बुजवलेली खिडकी उघडायची की बुजलेलीच ठेवायची? क्रमांक टाकणारा माणूस दगड मोजत असतो, पण ठरवत असतो साल.

एक उदाहरण घेऊ. डेन्बीशायरमधून आणलेले हेंद्रेर-अविध इखाव नावाचे शेतघर. लाकडातली वर्षवलये मोजून त्याचे साल १५०८ असे ठरले आहे. ओकचे वाकडे खोड उभे चिरायचे आणि त्याचे दोन्ही भाग समोरासमोर टेकवून कमान करायची, अशा कमानींवर या घराचे छप्पर पेललेले आहे. भिंती आपल्या कुडासारख्या, काठ्या विणून वर माती लिंपलेल्या. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज. जमिनीच्या मध्यावर चूल आणि धुराडे नाहीच, धूर गवतातून वाट काढील तसा काढील. माणसे आणि गुरे एकाच छपराखाली. हे घर आपण पाहतो ते १५०८ चे, आणि ते पाहताना अंगावर काटा येतो हे मी मान्य करतो. पण हे घर विसाव्या शतकापर्यंत उभे होते. म्हणजे त्यात साडेचारशे वर्षे लोक राहिले, त्यांनी ते हवे तसे बदलले, आणि त्या साडेचारशे वर्षांचा हिशेब आपल्याला दिसत नाही. शेवटच्या रहिवाशाच्या दृष्टीने हे त्याचे घरच नव्हे.

घराच्या नावातले ‘हेंद्रे’ म्हणजे जुनी वस्ती, खोऱ्यातले हिवाळी घर. उन्हाळ्यात गुरे डोंगरावरच्या कुरणात नेली, की तिथे राहायच्या घराला ‘हाव्हॉद’ म्हणत. वेल्समधल्या असंख्य गावांची नावे या दोन शब्दांनी सुरू होतात. मेंढपाळांची चराईसाठीची हंगामी भटकंती आपल्याला नवी नाही, त्यामुळे हे वेगळे समजावून सांगायला नको.

किलेवेंट हे दुसरे घर याच्या उलट टोकाला आहे. ते मध्य वेल्सच्या क्लायरवेन खोऱ्यातून आले. मूळ बांधणी पंधराव्या शतकातली, पण १७३४ मध्ये ते दगडात जवळजवळ नव्याने बांधले गेले, आणि संग्रहालयाने त्याचे हे दुसरे रूप मान्य केले आहे. हे लांबट घर उतारावर असते. वरच्या अंगाला माणसे, खालच्या अंगाला गोठा, म्हणजे सांडपाणी आणि शेण माणसांकडे येत नाही. ज्या वाटेने घरात शिरायचे, त्याच वाटेवरून गुरांना वैरण घालायची. कोकणातल्या किंवा मावळातल्या ज्या श्रोत्यांनी गोठ्याला लागून असलेले माजघर पाहिले आहे, त्यांना हिवाळ्याच्या रात्री गुरांच्या उबेचे मोल सांगायला नको. क्लायरवेनच्या खोऱ्याची आणखी एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे. तिथे १९५२ मध्ये मोठे धरण पूर्ण झाले, आणि तिथले पाणी जाते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराला. उजनीच्या किंवा कोयनेच्या काठावर वाढलेल्या माणसाला या वाक्यापुढे काही सांगावे लागू नये.

केनिक्स्टनच्या घराविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण संग्रहालयातून परतलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा तेच राहते. गावर द्वीपकल्पातून आलेले, १६१० मध्ये बांधायला सुरुवात झालेले हे शेतघर बाहेरून गडद लाल आहे. गवताचे छप्पर आणि खाली ती लाल भिंत. हा रंग दुष्ट शक्तींपासून घराचे रक्षण करतो, असा समज होता. अंगणात रोवनचे झाड लावण्यामागेही तीच भावना, त्याची लाल फळे घराची राखण करतात म्हणून. दृष्ट लागू नये यासाठी दारावर काय काय बांधले जाते, हे ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहे, त्यांना त्या लाल भिंतीपुढे उभे राहून परके वाटत नाही.

उत्तर वेल्समधून आलेले लाइनवादिन हे घर मात्र मला उपरे वाटले. १७६२ चे हे घर दगडखाणीत राबणाऱ्या कामगाराचे. भिंतींच्या पायाशी माणसाला हलणार नाहीत असे डोंगरातले धोंडे आहेत आणि छपरावर स्लेटचे तुकडे. ज्या दगडी पाटीवर आपल्या पिढीने बाराखडी गिरवली, त्याच जातीचा हा दगड. आत एक खोली, आणि तिच्या अर्ध्या भागावर निजण्यासाठी माळा. घर बिनचूक रचलेले आहे, त्यात खोट काढता येणार नाही. पण ते धोंडे स्नोडोनियाच्या उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या उतारावर होते, म्हणून तिथे होते. वाऱ्यासमोर टिकायला घर जमिनीला चिकटून बसले होते. इथे त्याच्याभोवती कार्डिफची उंच, मायाळू झाडे आहेत. दगड आले, वारा आला नाही.

आता सेंट टायलोच्या चर्चकडे येतो, आणि इथे थोडा वेळ थांबतो.

नैऋत्य वेल्समध्ये पॉन्टारदुलाइस गावाजवळ, नदीकाठच्या ओलसर जमिनीवर हे चर्च उभे होते. त्याचा सर्वांत जुना भाग बाराव्या-तेराव्या शतकातला. वापर थांबला, भिंतींना ओल आली, आणि चुन्याचे पापुद्रे सुटू लागले तेव्हा त्यांच्या खाली जुनी भित्तिचित्रे दिसली. ती चित्रे आधी जपून काढून घेतली गेली, आणि १९८० च्या दशकात चर्च उतरवण्यात आले. ते सेंट फॅगन्समध्ये पुन्हा उभे राहून उघडायला २००७ साल उजाडले. सुमारे वीस वर्षे एका लहानशा खेड्यातल्या चर्चसाठी लागली, आणि त्यातला बराच काळ साल ठरवण्यात आणि त्या सालाला शोभेल अशी प्रत्येक वस्तू घडवण्यात गेला.

निवडलेले साल म्हणजे १५३० च्या आसपासचा काळ. इंग्लंडच्या राजाने रोमशी नाते तोडण्याआधीची शेवटची काही वर्षे. त्यानंतर देवळांतल्या मूर्ती फोडल्या गेल्या, चित्रांवर चुना फासला गेला आणि प्रार्थना इंग्रजीत झाली. त्यामुळे सेंट टायलोच्या आत शिरले, की भिंतींवर ख्रिस्ताच्या यातना, संत ख्रिस्तोफर, संत कॅथरीन अशी चित्रे लाल, हिरव्या, पिवळ्या रंगांत आपल्यावर येतात. गाभाऱ्यासारख्या भागापुढे कोरीव लाकडी पडदा, त्याच्या माथ्यावर सज्जा, सगळे रंगवलेले, सोनेरी केलेले. सापडलेल्या मूळ चित्रांचे अवशेष जतन केलेले आहेत. भिंतींवर आहेत ती त्यांच्या आधाराने नव्याने काढलेली चित्रे आहेत. पहिल्या क्षणी मला ती भडक वाटली, नुकताच ऑइलपेंट दिलेल्या मंदिरासारखी. जुने म्हणजे करडे, उघड्या दगडाचे, शांत, अशी जी सवय इंग्लंड-वेल्समधली मध्ययुगीन चर्च पाहून लागते, ती सवय इथे मोडते. मग थोडे थांबल्यावर कळते, की रंग उडालेले दगड ही पुढच्या शतकांची देणगी आहे. त्या काळच्या अक्षरशत्रू शेतकऱ्याला हे चर्च असेच रंगीबेरंगी दिसत होते, आणि त्याचे धर्मग्रंथ वाचणे ते हेच, भिंतींकडे पाहणे.

तरीही माझ्या मनात एक किंतु उरला. हे संग्रहालय वेल्श भाषेचे घर म्हणून उभे राहिले. १५३० मधल्या चर्चमध्ये भाषा कोणती? लॅटिन. वेल्श भाषेत संपूर्ण बायबल आले ते १५८८ मध्ये, विल्यम मॉर्गन यांच्या अनुवादाने, आणि त्या अनुवादानेच पुढे या भाषेला तारले असे वेल्श लोक मानतात. म्हणजे या इमारतीत वेल्श प्रार्थना घुमू लागली तो काळ निवडीतून वगळला गेला. ज्या पिढ्यांनी पांढऱ्या भिंतींखाली वेल्श स्तोत्रे म्हटली, त्या पिढ्या रंगांखाली गेल्या. जुन्या चुन्याने चित्रे झाकली होती, नव्या चित्रांनी चुना झाकला. मी ही निवड चूक म्हणत नाही. मला ती धाडसी वाटते, आणि तिची किंमतही मला दिसते.

ती उणीव काही अंशी भरून निघते ती पेन-ऱ्हिव या छोट्या प्रार्थनागृहात. कार्मार्थनशायरमधले हे युनिटेरियन पंथाचे चॅपल, १७७७ चे. साध्या भिंती, कठडेबंद लाकडी बाक, वर सज्जा, आणि चित्र म्हणून काहीही नाही. इथे सगळा भर ऐकण्यावर. वेल्सच्या अलीकडच्या इतिहासात अशा चॅपलांनी जे काम केले, ते आपल्याकडे एकाच छपराखाली कीर्तन, शाळा आणि गावची बैठक भरावी, तसे होते.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर माइस्टिरच्या शाळेत डोकावू. लॅम्पिटर गावाजवळची १८८० ची ही एका खोलीची शाळा. बाके, शाई, भिंतीवर नकाशा. मुले घरून वेल्श बोलत यायची आणि इथे शिकायची इंग्रजी. याच्या मागे १८४७ मधला एक सरकारी अहवाल आहे. वेल्सच्या शिक्षणाची पाहणी करायला तीन आयुक्त नेमले गेले, तिघांनाही वेल्श येत नव्हते, आणि त्यांनी वेल्श भाषा ही लोकांच्या प्रगतीतली धोंड असल्याचे लिहिले. अहवालाच्या निळ्या बांधणीवरून वेल्श लोक त्या प्रकाराला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात. अनेक शाळांमध्ये एक लाकडी तुकडा असे. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात तो अडकवायचा. त्या मुलाने दुसरे कोणी वेल्श बोलताना ऐकले, की तुकडा त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात तो असेल, त्याला मार. सरकारने असा हुकूम काढला नव्हता, शाळा आपापल्या करत होत्या, आणि पुष्कळदा पालकांनाही ते मान्य होते, कारण इंग्रजी आली तर पोराचे भले होईल. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हणतो.

१९११ च्या जनगणनेत वेल्समधले ४३.५ टक्के लोक वेल्श बोलत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण १७.८ टक्के होते. पीट यांची भीती या दोन आकड्यांच्या मधल्या उतारावरची आहे, आणि त्यांचे सर्वांत दूरदृष्टीचे काम इमारतींच्या पलीकडचे आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून संग्रहालयाच्या लोकांनी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन खेडोपाडी म्हाताऱ्या माणसांची बोली टिपायला सुरुवात केली. नांगराच्या कोणत्या भागाला काय म्हणतात, लोणी काढताना कोणते गाणे म्हणतात, शेजारच्या खोऱ्यात त्याच वस्तूला दुसरा शब्द का आहे. सुताराच्या मुलाला हे उमजले होते, की रंधा काचेच्या पेटीत टिकतो, पण रंध्याच्या प्रत्येक भागाचे नाव सुताराबरोबर जाते. त्याच जाणिवेतून संग्रहालयातल्या काही कार्यशाळा चालू ठेवलेल्या आहेत. एस्गाइर मॉयल ही १७६० मधली लोकरीची गिरणी पाणचक्कीवर चालते, तिथे लोकर पिंजली जाते, सूत काढले जाते, घोंगड्यांसारखी जाड कापडे विणली जातात. लोहाराचा भाता चालतो. बेकरीत पाव भाजला जातो आणि तो विकत घेऊन तिथेच खाता येतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

जाता जाता टोलनाक्याचा उल्लेख करतो. तो करू नये तर महाराष्ट्रात बोलतो आहे असे वाटायचे नाही. अबेरिस्टविथजवळच्या रस्त्यावरचे १७७१ मधले हे नाकेदाराचे घर. रस्ते दुरुस्त ठेवण्यासाठी टोल घ्यायचा, असा तो कारभार. १८३९ ते १८४३ या काळात पश्चिम वेल्समधल्या शेतकऱ्यांनी रात्री बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळे फासून असे नाके फोडले. त्या दंग्यांना ‘रिबेका दंगे’ म्हणतात, आणि नाव घेतले ते बायबलमधल्या रिबेकेचे, जिच्या वंशजांना शत्रूंच्या वेशी जिंकण्याचा आशीर्वाद मिळाला होता.

आता पीट यांच्या हट्टाची दुसरी बाजू. त्यांच्या लेखी खरा वेल्स म्हणजे खेड्यातला, हस्तकौशल्याचा, वेल्श बोलणारा. दक्षिणेकडच्या कोळशाच्या खोऱ्यांविषयी त्यांना आपुलकी नव्हती. कारखानदारीने भाषा बुडवली आणि माणूस यंत्राला जुंपला, असे त्यांना वाटे. त्यामुळे ते १९७१ मध्ये निवृत्त होईपर्यंत संग्रहालयात शेतघरे, धान्याची कोठारे, चामडे कमावण्याचे कुंड, कोंबड्यांच्या झुंजींचा आखाडा, सगळे आले, पण कोळशाची धूळ आली नाही. आणि हे संग्रहालय उभे कुठे आहे? त्याच खोऱ्यांच्या पायथ्याशी. वेल्सची बहुसंख्य जनता शे-दीडशे वर्षे ज्या कामावर जगली, ते काम ग्वेरिनच्या व्याख्येत बसत नव्हते. कोळशाच्या खोऱ्यातून सहलीला आलेला एखादा खाणकामगार १९६० च्या सुमारास इथे फिरला असेल, तर त्याला आपल्या पणजोबांचे घर दिसले असेल, स्वतःचे दिसले नसेल.

तो दिसायला लागला १९८० च्या दशकापासून. ऱ्हिद-अ-कारची चाळ आली. मग ऑगमोर खोऱ्यातले ग्वालिया हे भले मोठे किराणा, भुसार आणि लोखंडी सामानाचे दुकान आले, आणि १९९५ मध्ये ओकडेलचे कामगार भवन. हे भवन १९१७ चे. कोळसा खाणीतल्या कामगारांनी पगारातून वर्गणी देऊन ते चालवले. खाली ग्रंथालय आणि वाचनालय, वर सभागृह. गिरणगावातल्या कामगार वस्त्यांमधली वाचनालये ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी ओकडेलच्या त्या लाकडी टेबलांपुढे क्षणभर उभे राहावे. दिवसभर जमिनीखाली काम केलेला माणूस संध्याकाळी तिथे वर्तमानपत्र वाचायला बसत होता.

पुढे संग्रहालयाने अलीकडचा काळही आत घेतला. कार्डिफच्या गाबाल्वा भागातले एक ॲल्युमिनियमचे घर तिथे आहे. युद्धानंतर घरांची टंचाई झाली, तेव्हा कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडलेले हे घर, त्यात बांधीव स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. तात्पुरती सोय म्हणून ते उभे केले होते. त्याचे साल १९४८. म्हणजे ज्या वर्षी पीट जुन्या घरांसाठी हे दार उघडत होते, त्याच वर्षी काही मैलांवर हे नवेकोरे घर जोडले जात होते, आणि अर्धशतकानंतर तेही जुने घर म्हणून त्याच दारातून आत आले.

उलट दिशेलाही संग्रहालय गेले आहे. अँगलसी बेटावरच्या उत्खननाच्या आधारे लोहयुगातली जाड मातीच्या भिंतींची जोडघरे, आणि तेराव्या शतकातल्या लिवेलिन राजाच्या दरबाराची दगडी दालने, अशा इमारती पूर्णतः नव्याने बांधल्या आहेत. यात एकही मूळ दगड नाही. शाळकरी मुले त्या दरबारात रात्रीची मुक्कामाला राहतात, आणि मुलांना त्याचे काही वाटत नाही, वाटते ते माझ्यासारख्यांना. सुमारे तीन कोटी पौंडांच्या या नूतनीकरणाचे काम २०१८ मध्ये पूर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमधला ‘म्युझियम ऑफ द इयर’ हा मोठा पुरस्कार सेंट फॅगन्सला मिळाला. प्रवेश २००१ पासून विनामूल्य आहे.

शेवटी व्हल्कन हॉटेल. नाव हॉटेल असले, तरी हा पब. कार्डिफच्या ॲडम्सडाउन भागात १८५३ मध्ये सुरू झालेला, गोदी आणि कारखान्यांमधल्या कामगारांचा. आजूबाजूची घरे पाडली गेली, तरी तो बराच काळ एकटाच उभा होता. तो वाचावा म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांनी आणि शहरातल्या लोकांनी चळवळ केली, पण २०१२ मध्ये तो बंद झाला. मग तो उतरवून सेंट फॅगन्सला आणला गेला आणि मे २०२४ मध्ये तिथे पुन्हा उघडला. पुढच्या भिंतीवरच्या हिरव्या-तपकिरी फरश्या झळझळीत आहेत आणि आत बिअर मिळते.

साल निवडले आहे १९१५. पहिल्या महायुद्धाचे दुसरे वर्ष. त्यासाठी पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि निवड समर्थनीय आहे, कारण तेव्हाच्या आसपास या इमारतीला आजचे रूप आले. परंतु पब वाचवण्यासाठी ज्यांनी सह्या गोळा केल्या, त्यांचा व्हल्कन १९१५ चा नव्हता. त्यांच्या व्हल्कनमध्ये त्यांनी खेळलेले खेळ होते, त्यांच्या पिढीची छायाचित्रे होती, आणि शेजारी गाड्यांचा वाहनतळ होता. आज त्यांच्यापैकी एखादा माणूस सेंट फॅगन्सला आला, तर त्याला विनामूल्य आत सोडतील, तो ओळखीच्या दारातून शिरेल, ओळखीच्या जागी पेला ठेवील, आणि बसेल आपल्या आजोबांच्या पबमध्ये.